अंबाझरीच्या भिंतीला वाली कोण?

प्रति,
नागपूरचा अंबाझरी तलाव, त्याची मातीची भिंत, त्याचा सांडवा आणि त्यात येणारे पाणी ज्या ज्या कार्यालयांच्या फाइलींत आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांस

विषय : तलावाच्या भिंतीची देखभाल, सांडवा आणि काठावरचे पक्षीजीवन यांबाबत

महोदय, महोदया,

एका कार्यालयात विचारायला गेलो तर कळले, तलाव आमचा, पण भिंतीचे तांत्रिक काम दुसरीकडे. दुसरीकडे गेलो तर, आम्ही फक्त सल्ला देतो, काम त्यांनी करायचे. झाडांसाठी तिसरे टेबल. तलावात येणाऱ्या सांडपाण्यासाठी चौथे, आणि ते चौथे टेबल शहराच्या हद्दीबाहेर. म्हणून कोण्या एका साहेबांच्या नावाने न लिहिता हे पत्र तुम्हा सर्वांना मिळून लिहितो आहे. नागपूरकरांनीही वाचावे, यासाठी उघडपणे लिहितो आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगतो. नोकरीची उमेदीची वर्षे मी विदर्भातल्या लहान-मोठ्या माती धरणांवर काढली. मुरमाचा थर टाकायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, घनता तपासायची, मगच पुढचा थर. निवृत्तीनंतर नाग नदीजवळच्या एका वस्तीत घर केले. पहाटे तलावावर फिरायला जातो, हिवाळ्यात गळ्यात दुर्बीण असते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हाच तलाव सांडव्यावरून ओसंडून नदीवाटे आमच्या घरात आला. फ्रिज आडवा होऊन हॉलमध्ये तरंगत होता. तेव्हा या पाण्याशी माझे नाते धंद्याचे आहे, छंदाचेही आहे आणि भीतीचेही.

अंबाझरी म्हटले की बाहेरच्या माणसाला बगिचा आठवतो, बोटिंग आठवते, पावसाळ्यात 'ओव्हरफ्लो' बघायला जमणारी गर्दी आठवते. पण हे सगळे ज्याच्यावर उभे आहे ती आहे एक मातीची भिंत, दीडशे वर्षांपूर्वी नागपूर शहराला पाणी पाजण्यासाठी घातलेली. लाव्हा गावाच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी तिने अडवली आणि तलाव झाला. शहराने पिण्याचे पाणी पुढे गोरेवाडा, कन्हान, पेंचकडून घेतले. तलाव राहिला, आणि त्याच्या काठाला हळूहळू दुसरेच जग वसले.

ते जग तुमच्यापैकी किती जणांनी सकाळी सहाला पाहिले आहे, माहीत नाही. उथळ भागात कमळपक्षी पानांवरून चालतो. अडईंचा थवा शीळ घालत डोक्यावरून जातो. पाणकावळे वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेले असतात. थंडीत पाहुणी बदके येतात, चिखलाच्या कडेला तुतारी आणि धोबी शेपट्या हलवत फिरतात. पलीकडच्या काठाला सुमारे 750 हेक्टरांचे जैवविविधता उद्यान आहे. तिथले रोही आणि मोर याच पाण्यावर जगतात. सायकलवाले, पक्षी बघणारे, शाळांच्या सहली तिथे येतात. एवढ्या मोठ्या शहराच्या अंगणात एवढे जंगल आणि एवढे पाणी एकत्र असणे ही साधी गोष्ट नाही. पण भिंत गेली तर यातले काहीच उरणार नाही. तलावाच्या नावाने जे जे होते त्यात भिंतीचा नंबर शेवटचा लागतो, हे मला गप्प बसून बघवत नाही.

माती धरण आणि दगडी धरण यांत एक फरक आहे, तो नागरिकांनीही समजून घ्यावा. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले तर नुकसान होते, पण भिंत बहुधा टिकते. मातीच्या भिंतीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते माती कापत जाते, आणि एकदा खाच पडली की ती कुणाच्या बापाला आवरत नाही. म्हणून माती धरणात पाण्याची पातळी आणि भिंतीचा माथा यांच्यात ठरावीक उंची मोकळी ठेवतात, आणि जादा पाण्याला बाजूने सांडवा देतात. भिंतीचा जीव सांडव्यात असतो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले तेही माती धरणच. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले, झोपेतली माणसे वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण दिले. महाराष्ट्र त्यावर हसला. मला हसू आले नाही. उंदीर, घुशी, खेकडे भिंत पोखरतात हे खरेच आहे. म्हणून तर भिंतीवर माणूस फिरवायचा असतो, बिळे शोधून बुजवायची असतात. खेकड्याला नोकरी नाही, ज्याला आहे त्याने ते काम केले का, एवढाच प्रश्न होता.

आता अंबाझरीकडे येतो.

पहिली गोष्ट भिंतीवरच्या झाडांची. हे लिहिताना माझे पक्षीमित्र नाराज होणार, याची मला कल्पना आहे. भिंतीवर आणि तिच्या उतारावर वर्षानुवर्षे झाडे वाढली आहेत. फिरायला येणाऱ्याला त्यांची सावली आवडते, मलाही आवडते. पण मातीच्या भिंतीवर मोठे झाड नको, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मुळे ओलाव्याच्या मागे आत शिरतात. झाड मेले की मूळ कुजते आणि त्या जागी पोकळ नळी राहते, पाण्याला आयती वाट मिळते. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट भिंतीचा मोठा लचका निघतो. झाडीखाली गवत धरत नाही, माती उघडी पडते, आणि बिळे किंवा ओल दिसतच नाहीत. ही झाडे काढावीत असे तांत्रिक मंडळींनी सांगितले, पर्यावरणवाल्यांनी विरोध केला, आणि विषय लोंबकळत राहिला. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. लोंबकळत ठेवणाऱ्यांबद्दल मला तसे म्हणता येत नाही.

माझे म्हणणे असे, की झाडे काढायची असतील तर ती धरणाचे काम म्हणून काढा, वृक्षतोडीचे टेंडर म्हणून नको. ठेकेदार आला, करवत लावली, लाकूड ट्रकमध्ये भरले आणि बुंधे तसेच सोडून गेला, तर धोका कमी न होता वाढेल, कारण आतली मुळे तेव्हापासून कुजायला लागतील. बुंधा आणि जाड मुळे काढून खड्डा योग्य मातीने थरावर थर दाबून भरावा लागतो. पाण्याची पातळी खाली असताना, थोड्या थोड्या लांबीत, आणि पावसाळ्याच्या पुरेसे आधी. कुठल्या झाडावर घरटी आहेत ते आधी नोंदवले पाहिजे. लहान झुडपे आज, मोठे वृक्ष टप्प्याने, आणि भिंतीपासून सुरक्षित अंतरावरच्या झाडांना हातही लावायचा नाही. त्यासाठी अभियंता आणि वनस्पतींचा जाणकार यांनी एकत्र भिंतीवर चालायला हवे, प्रत्येक झाडावर क्रमांक घालायला हवा. पर्यायी लागवड म्हणून भलतीकडे कुठेतरी रोपे लावू नका. याच तलावाच्या वरच्या अंगाला, पाणलोटात, देशी झाडे लावा. पक्ष्याला झाड हवे असते, ते भिंतीवरच हवे असा त्याचा हट्ट नसतो.

दुसरी गोष्ट सांडव्याची. 23 सप्टेंबर 2023 च्या त्या रात्री काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. तलाव भरलेलाच होता. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट पाण्यात गेले, सीताबर्डीवर मोरभवनच्या एसटी बस बुडाल्या, सैन्याला बोलवावे लागले, आणि या शहरातली चार माणसे गेली. एवढा पाऊस अपवादात्मक होता हे मान्य. पण सांडवा अपवादात्मक पावसासाठीच असतो, नेहमीच्या पावसाला तो लागतो कशाला? सांडव्यासमोर पाण्याची वाट मोकळी होती का, तिथे उभारलेल्या विवेकानंद स्मारकाने प्रवाह अडला का, पूल आणि नदीचे पात्र पुरेसे होते का, हे प्रश्न लोकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेले. त्यानंतर पूल, नदीच्या संरक्षक भिंती, सांडव्याला दरवाजे अशी कामे निघाली. त्यांचे मी स्वागत करतो. फक्त एवढे सांगा, की ही सगळी कामे किती मोठा पूर धरून केली आहेत? तो आकडा पाटीवर लिहा. स्वामीजींबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि स्मारकाला शहरात जागेची वाण नाही. सांडव्याच्या तोंडाशी मात्र कुणाचेही स्मारक नसावे.

दरवाज्यांबद्दल एक जुना अनुभव. दरवाजा बसवला की उद्घाटन होते. त्यानंतर त्याला ग्रीस लावणारा, वीज गेली तर हाताने चालवणारा, आणि रात्री दोन वाजता तिथे जागा असणारा माणूस लागतो. बिनदरवाज्याचा सांडवा अडाणी असतो पण झोपत नाही. दरवाजे बसवणार असाल तर ते चालवणाऱ्या माणसांची पदे आधी मंजूर करा.

तिसरी गोष्ट पाण्याची. शहराच्या हद्दीबाहेरच्या वाडी या गावाकडून सांडपाणी येते, हिंगण्याच्या औद्योगिक भागातून काय काय येते त्याबद्दल वर्तमानपत्रांनी रकाने भरले आहेत. मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या होतात, पंचनामे होतात. या खतावर जलपर्णी माजते. मग यंत्र आणून ती काढायची, फोटो काढायचे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. येणारे सांडपाणी थांबवल्याशिवाय जलपर्णी काढणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे. ती फक्त दिसायला वाईट नाही. पुराच्या वेळी तिचे तरंगते गालिचे वाऱ्याने आणि प्रवाहाने सांडव्याकडे सरकतात आणि तिथे अडकतात. म्हणजे वाडीतले गटार आणि आमच्या कॉलनीतला पूर यांचा थेट संबंध आहे. हद्दीच्या त्या बाजूच्या साहेबांनी आणि या बाजूच्या साहेबांनी एकदा एका खोलीत बसावे, एवढे तरी करता येईल ना?

चौथी गोष्ट पातळीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात फारसा खर्च नाही. पावसाळ्याआधी तलावाची पातळी ठरवून खाली आणली, आणि पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत पुराला पोटात जागा ठेवून मग भरली, तर भिंतीवरचा ताण कमी होतो आणि खालच्या वस्त्यांना वेळ मिळतो. मोठ्या धरणांवर हे वेळापत्रक असतेच. इथे आक्षेप येतो तो बोटिंगवाल्यांचा आणि सेल्फीवाल्यांचा, त्यांना तलाव काठोकाठ हवा असतो. पक्ष्यांना मात्र तो तसा नको असतो. काठोकाठ तलावात उथळ कडा राहत नाहीत. पाणी सावकाश ओसरत गेले की चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात, त्यात किडे-अळ्या असतात, आणि तिथेच चिखलपायी पक्षी चरतात. म्हणजे भिंतीचे हित आणि पक्ष्यांचे हित या एका मुद्द्यावर जुळते. अशी संधी सार्वजनिक कामात फार वेळा येत नाही.

पाचवी गोष्ट कागदाची. धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये झाला. 15 मीटरहून उंच धरणे त्यात सरसकट येतात, 10 ते 15 मीटरची काही अटींवर. ज्या धरणाला तो लागू होतो त्याच्या मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, आणीबाणीचा कृती आराखडा करायचा, असे त्यात आहे. दुसरीकडे पाणथळ जागांचे 2017 चे नियम सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने बांधलेल्या तलावांना वगळतात. गावोगावचे हजारो पाझर तलाव आणि शहरांतले जुने तलाव या दोन चाळण्यांमधून गळून पडतात. एका कायद्याला ते धरण म्हणून लहान आणि दुसऱ्या नियमाला पाणथळ म्हणून कृत्रिम. आपल्याच फुटाळा तलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले, की तो मानवनिर्मित असल्याने त्या नियमांखालची पाणथळ जागा नाही. पण त्याच निकालात, सरकार अशा मानवनिर्मित तलावांचेही जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असेही सांगितले. पहिले वाक्य तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. दुसरे मी मुद्दाम इथे लिहितो आहे.

एक सोपी तपासणी सांगतो, तिला ना टेंडर लागते ना सल्लागार. एप्रिलमध्ये सगळे गवत वाळलेले असताना भिंतीच्या पायथ्याने चाला. एखादाच पट्टा हिरवागार दिसला तर समजा, तिथून झिरपते आहे. झिरपणे हा गुन्हा नाही, प्रत्येक माती धरण थोडेफार झिरपते. बघायचा असतो तो पाण्याचा रंग. आम्ही साइटवर स्टीलच्या पेल्यात ते पाणी धरायचो, चहा होईपर्यंत बाजूला ठेवायचो आणि तळाला गाळ बसला का ते बघायचो. पाणी नितळ राहिले तर नोंद करून पुढे जायचे. तळाला माती बसली तर भिंत आतून वाहते आहे, आणि त्या दिवशी कुणी घरी जायचे नाही. नंतर मोजमापाची खाच बसवून दर आठवड्याला झिरप्याचा आकडा वहीत लिहायचा. अंबाझरीसाठी अशी वही आहे का? असेल तर ती कुठे ठेवली आहे, आणि तिच्यातली शेवटची नोंद केव्हाची आहे? मी तोंडी विचारले, लेखी विचारले. 'आपला अर्ज संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे' एवढे उत्तर मिळाले. ते संबंधित कोण, हे अजून कळायचे आहे.

म्हणून माझ्या आणि माझ्यासारख्या अनेकांच्या मागण्या सरळ लिहितो.

तलावाची भिंत, सांडवा, दरवाजे, झाडे आणि येणारे पाणी या सर्वांसाठी मिळून एकच जबाबदार अधिकारी नेमा. त्याचे पद आणि कार्यालयाचा फोन भिंतीवरच्या फलकावर लिहा.

हे धरण 2021 च्या कायद्याखाली येते की नाही, हे लेखी जाहीर करा. येत असेल तर पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीचे अहवाल मराठीत सर्वांना वाचायला ठेवा. येत नसेल तर नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेकडून भिंतीची तपासणी करून घ्या आणि तो अहवाल ठेवा.

झाडांचा निर्णय या पावसाळ्यानंतर लगेच घ्या, वर लिहिलेल्या पद्धतीने, आणि यादी झाडाच्या क्रमांकासह लावा. तोपर्यंत भिंतीवर नवे रोप लावणे, खोदकाम, दिव्यांचे खांब, विटांचे चौथरे, सगळे थांबवा. जॉगिंग ट्रॅकच्या कडेला शोभेची झाडे लावायची हौस भिंतीवर नको.

पाणी किती भरायचे आणि केव्हा सोडायचे याचे महिनावार वेळापत्रक तयार करा, आणि ते करताना पक्षी अभ्यासकांना बोलवा. भरपावसात रात्रपाळीला माणूस, सांडव्याजवळ पातळीची पट्टी, आणि नदीकाठच्या वस्त्यांत भोंगा. मोबाइलवरचा संदेश झोपलेला माणूस वाचत नाही.

वाडी आणि हिंगण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याच्या प्रत्येक नाल्याचे नाव, त्यावरच्या शुद्धीकरणाची आजची स्थिती आणि पूर्ण होण्याची तारीख जाहीर करा. ते होईपर्यंत पावसाळ्याच्या तोंडावर सांडव्यासमोरची जलपर्णी तरी साफ ठेवा.

बगिचा, बोटिंग, सायकली बंद करा असे मी म्हणत नाही. माणसे आली नाहीत तर तलावाची काळजी करणारेही उरणार नाहीत. पण तिकिटांतून आणि जागेच्या भाड्यातून येणाऱ्या पैशांतला ठरलेला वाटा भिंतीच्या देखभालीसाठी वेगळ्या लेखाशीर्षात टाका, म्हणजे दरवर्षी निधीअभावी हा शब्द ऐकावा लागणार नाही.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. येत्या मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रविवारी सकाळी साडेसहाला तुम्ही सर्वजण भिंतीच्या बगिच्याकडच्या टोकाला या. फाइली आणा. आम्हीही येतो. तिथून सांडव्यापर्यंत पायथ्याने सोबत चालू, आणि जिथे जिथे प्रश्न पडेल तिथे उभे राहून ज्याच्या खात्याचा असेल त्याने उत्तर द्यावे. स्टीलचा पेला मी घेऊन येतो.

आपला,
नाग नदीकाठचा एक रहिवासी
(निवृत्त शाखा अभियंता), नागपूर